उंची आली, पण अंग धरेना: कोल्हापूरच्या एका बास्केटबॉल खेळाडूचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या मुलाचं आहे. नाव, शाळा, क्लब देत नाही आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. संघातल्या सगळ्यात उंच पोराला बाकीचे जे म्हणतात तेच इथं वापरतो: लांब्या. मी त्या मैदानावर मुलांचा फिटनेसचा सराव घेतो. खेळ शिकवणारे सर वेगळे, आणि कोण कुठल्या जागेवर खेळणार हे तेच ठरवतात. पुढच्या बऱ्याच गोष्टी या वाटणीमुळे घडल्या, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जूनमध्ये लांब्या दहावीत गेला तेव्हा त्याचं वय पंधरा वर्षं एक महिना होतं. उंची १८२ सेंटिमीटर, वजन ५६ किलो. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर आदल्या जूनची नोंद सापडली: १७३ सेंटिमीटर, ५२ किलो. म्हणजे वर्षात उंची नऊ सेंटिमीटरनं वाढली आणि वजन चारच किलोनं. वडील १८३ सेंटिमीटर, आई १६८. आजोबा मात्र वेगळ्याच घडणीचे. बुटके, जाड मानेचे, मोडलेल्या कानांचे. तरुणपणी तालमीत होते, आणि खासबागेत बघितलेल्या कुस्त्या अजून डावासकट सांगतात.

कोल्हापुरात बास्केटबॉल खेळणाऱ्या पोराला पाहुणेरावळे दोन प्रश्न हमखास विचारतात: फुटबॉल का नाही आणि तालमीत का नाही? लांब्याच्या घरी दुसरा प्रश्न रोज जेवताना निघायचा.

अडचण

उंच म्हणून सरांनी त्याला सेंटरला, म्हणजे बास्केटखालच्या जागेवर, उभा केला होता. आंतरशालेय सामन्यांत समोर पंचाहत्तर किलोची, मिसरूड फुटलेली पोरं. ती पाठ लावून एक रेटा द्यायची की लांब्या बास्केटखालून थेट बाहेरच्या रेघेवर. रिबाउंडला, म्हणजे शॉट हुकून परत आलेला चेंडू पकडायला, हात सगळ्यांच्या वर जायचा, पण चेंडू हातात आल्यावर खाली उतरेपर्यंत कुणीतरी काढून घेतलेला असायचा. सर वैतागून म्हणाले, "दिवाळीपर्यंत दहा किलो वाढव, मग बघू." जूनमधलं बोलणं. दिवाळीला पाच महिने.

आईचं म्हणणं वेगळं होतं. "खातंय ओ ते, पण अंगाला लागत न्हाई."

तिसरी अडचण त्यानं लपवून ठेवली होती. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीचं हाड सुरू होतं तिथं टेंगूळ आलं होतं आणि दाबलं की कळ यायची. सरावानंतर जिना उतरताना तो कठड्याला धरून एक-एक पायरी उतरायचा. एका पोरानं त्यावरून चेष्टा केली तेव्हा मला कळलं.

इथं वाढीचं गणित थोडं सांगायला हवं, कारण सगळे निर्णय त्यावरच उभे होते. मुलांच्या उंचीचा सगळ्यात वेगवान काळ सरासरी साडेतेरा ते चौदा या वयात येतो. त्या वर्षात आठ-दहा सेंटिमीटर वाढ होते. वजनाचा वेग त्यानंतर काही महिन्यांनी शिखर गाठतो, आणि ताकदीचा त्याच्याही मागून. शरीराच्या आतही क्रम असतो. आधी पावलं, मग पाय, मग धड, आणि छाती-खांदे भरतात शेवटी. लांब्याच्या वडिलांची तक्रार होती की एका वर्षात नऊ नंबरचा बूट अकरावर गेला आणि आता मात्र तोच जोड टिकलाय. त्यांना ती पैशाची गोष्ट वाटत होती. मला त्यातून कळलं की पावलांची वाढ उरकत आली आहे आणि धडाची अजून व्हायची आहे.

म्हणजे लांब्या वर्षभर उशिरा वयात येणाऱ्यांपैकी होता. समोरची पंचाहत्तर किलोची पोरं त्याच्याच इयत्तेतली असली तरी शरीरानं दोन वर्षं पुढं होती. चौदा वर्षांखालच्या गटात अशी लवकर वाढलेली मुलं मैदान मारतात, आणि प्रशिक्षक त्याला कौशल्य समजतात. हे फक्त कोल्हापुरात होतं असं नाही.

तपासणी आणि तीन दिवसांची वही

कुठलाही पर्याय निवडण्याआधी डॉक्टरांकडे पाठवलं. गुडघ्याचं दुखणं ऑसगुड-श्लॅटर निघालं. वाढत्या वयात मांडीचा स्नायू नडगीच्या ज्या कोवळ्या भागाला ओढतो तिथं दाह होतो, आणि वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचा थांबतो. खेळ बंद करायची गरज नव्हती, उड्या कमी करायची होती. हिमोग्लोबिन ११.९ होतं, या वयाच्या मुलाला कमीच. लोहाच्या गोळ्या आणि जंताची गोळी सुरू झाली. जेवणाबरोबर चहा नको, हेही सांगितलं, कारण चहामुळं अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. बाकी थायरॉइड वगैरे ठीक. वयात आल्याच्या खुणा दिसत होत्या, म्हणून हाडाचं वय बघायला हाताचा एक्स-रे काढायची गरज डॉक्टरांना वाटली नाही.

मग आईला तीन दिवस सगळं लिहून ठेवायला सांगितलं, एक दिवस रविवारचा धरून. वहीत जे आलं ते असं. सकाळी पावणेसहाला उपाशीपोटी रंकाळ्यावर पळायला, पाच किलोमीटर. सरांनी स्टॅमिन्यासाठी सांगितलेलं. आल्यावर चहा आणि दोन बटर, मग क्लास, मग शाळा. डब्यात दोन चपात्या आणि भाजी, त्यातली एक चपाती परत. संध्याकाळी साडेपाच ते आठ सराव, त्याआधी पोटात काही नाही, नाहीतर वडापाव. रात्री साडेनऊला भरपूर जेवण. त्यानंतर अभ्यास आणि साडेअकराला झोप.

आईचं "खातंय" खोटं नव्हतं. रात्रीचं ताट तिच्या समोर रिकामं होत होतं, दिवसभर तो तिच्या नजरेआड असायचा. बेरीज केली तर एकवीसशे कॅलरींच्या आसपास आणि प्रथिनं पंचावन्न ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार या वयाच्या मुलाला रोज साधारण २८०० ते ३३०० कॅलरी लागतात. हा तर वर दोन वेळा घाम गाळणारा.

समोर असलेले पर्याय

आजोबांचा पर्याय पहिला. "अंगात रग नसंल तर चेंडू टाकून काय उपेग? चार म्हैनं तालमीत धाडा, वस्तादाच्या हाताखाली. मग बघा." सोबत खुराक: दूध, तूप, बदाम, थंडाई. हे हसण्यावारी न्यायचं कारण नव्हतं. तालमीत मेहनतीइतकंच महत्त्व खाण्याला आणि दुपारच्या झोपेला देतात, आणि लांब्याच्या दिवसात नेमकं तेच नव्हतं. अडचण होती बैठकांची. शेकड्यांनी बैठका मारायच्या म्हणजे त्या गुडघ्यावर रोज तोच ताण. शिवाय कुस्तीला लागणारी ठेवण आणि कोर्टवर सरकायला लागणारी वेगळी. आणि दहावीचं वर्ष.

दुसरा पर्याय व्यायामशाळेतल्या एका हितचिंतकानं वडिलांना सुचवला. मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, मोठा डबा, पाच हजारांच्या आसपास. वडील घ्यायला निघालेच होते. डब्यावरचे घटक वाचून दाखवले: सगळ्यात जास्त माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पटकन साखर होणारं पिष्ट, आणि त्यात मिसळलेली दुधाची पावडर. पैशाचा मुद्दा त्यांना लगेच पटला. दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटत होता. अशा पावडरींत लेबलवर न छापलेले पदार्थ सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि उत्तेजक चाचणीत खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. दुकानदारानं फसवलं म्हणून सुटका होत नाही. राज्य पातळीवर जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलानं ही सवय पंधराव्या वर्षीच लावून घेऊ नये.

तिसरा पर्याय, काहीच न करणं. शरीर आपल्या वेळेनं भरेल, थांबा. जीवशास्त्र बघता हे सगळ्यात बरोबर होतं, पण एकवीसशे कॅलरींवर शरीर कशानं भरणार? थांबायचं तर पोट भरून थांबायला हवं होतं.

चौथा, वजनं उचलण्याचा सराव. त्यावर घरातून आणि मैदानावरून एकच आक्षेप: उंची खुंटेल. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, आधी ढब शिकून, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनानं उंची खुंटते याला आधार नाही. उडी मारून खाली उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो, तो तर ही मुलं रोज घेतात. त्या भाराला कुणी हरकत घेत नाही आणि आठ किलोच्या डंबेलला घेतात!

पाचवा पर्याय सरांच्या हातात होता: त्याची जागा बदलणं.

काय ठरलं, काय केलं

सकाळचं पळणं बंद झालं. यावर सरांशी सगळ्यात जास्त वेळ बोलावं लागलं. पोरगं वजन वाढवायला धडपडतंय आणि आपण त्याच्याकडून उपाशीपोटी पाच किलोमीटर जाळून घेतोय, हे त्यांना मान्य होतं. दम कमी पडेल ही भीती होती. बास्केटबॉलचा दम छोट्या-छोट्या धावांचा असतो आणि त्या संध्याकाळच्या सरावात होतातच, यावर तडजोड झाली. तो वेळ झोपेला दिला. सहा तासांची झोप पावणेआठ झाली.

खाण्यात ताट मोठं करण्याऐवजी वेळा वाढवल्या. लक्ष्य रोज सात-आठशे कॅलरी जास्त आणि प्रथिनं नव्वद ग्रॅम, म्हणजे किलोमागं दीड ग्रॅमहून थोडी जास्त. सकाळी दोन अंडी आणि चपाती. शाळेच्या मधल्या सुट्टीत शेंगदाण्याचा लाडू. सरावाआधी तासभर दोन केळी. सराव संपल्यावर मैदानावरच बाटलीतलं दूध. अर्धा लिटर म्हशीचं दूध म्हणजे पाचशेच्या वर कॅलरी आणि अठरा ग्रॅम प्रथिनं. डब्याच्या पावडरीला याहून चांगला जबाब मला कुठे सापडला नसता. आजोबांनी ते स्वतःकडं घेतलं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध मिळतं, तिथून ते रोज संध्याकाळी किटली भरून आणायचे आणि घरी उकळून, गार करून बाटली पाठवायची. धारोष्णच द्यायचा त्यांचा हट्ट होता. न उकळलेल्या दुधातून होणारे आजार डॉक्टरांनी ऐकवल्यावर सुटला. तालमीचा वाद त्या किटलीनं मिटवला. खुराक त्यांचा, मेहनत माझी.

ऑगस्टमध्ये श्रावण आला आणि अंडी, मटण सगळं बंद. हे कागदावर आधी धरलं नव्हतं, पण घरात त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मटकीची उसळ, दही, फुटाणे आणि आठवड्यातून तीनदा सोयाबीनची भाजी यांनी भरून काढलं. सोयाबीन त्याला अजिबात आवडलं नाही. तरीही त्या महिन्यात वजन घटलं नाही.

वजनाचा सराव आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं. पहिल्या आठवड्यांत गुडघ्यासाठी भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं. वीस सेकंदांत मांड्या थरथरायच्या. मग आठ किलोचं डंबेल छातीशी धरून बैठक, ठरावीक खोलीपर्यंतच. कमरेतून वाकून वजन उचलणं, जोर, बारला आडवं लटकून छाती वर ओढणं, दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. सरावातल्या उड्या मोजून निम्म्या केल्या. दुखणं शून्य ते दहा या मापात तीनच्या वर गेलं की त्या दिवशी उड्या बंद, हा नियम त्याच्याच हातात दिला. लपवण्यापेक्षा आकडा सांगणं त्याला सोपं गेलं.

जागेचा प्रश्न अर्धाच सुटला. सरावात सर त्याला बाहेरून, म्हणजे बास्केटपासून लांब, खेळवायला तयार झाले: ड्रिबल (चेंडूचे टप्पे देत पुढं जाणं), कट (चेंडूशिवाय झटकन आत घुसणं), बाहेरून शॉट. सामन्यात मात्र सेंटरलाच. त्यांच्याकडं दुसरा उंच मुलगा नव्हता, आणि सामने सरांना जिंकायचे होते. मला हे पटलं नाही, पण त्यांच्या जागी कोण वेगळं वागलं असतं?

लांब्याचा धीर मात्र भलत्याच ठिकाणाहून आला. केव्हिन ड्युरंटला २००७ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, निवड चाचणीत ८४ किलोचा बार छातीवरून एकदाही उचलता आला नव्हता आणि तरी तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, हे त्यानं फोनवर शोधून काढलं. त्याच लीगमधल्या यानिस आंटेटोकुन्पोचंही. २०१३ मध्ये संघात आला तेव्हाचा काटकुळा पोरगा पुढच्या काही वर्षांत जवळपास वीस किलोनं भरला. मी एवढंच सांगितलं की त्यांच्या मागं स्वयंपाकी आणि डॉक्टरांची फौज होती, तुझ्या मागं आई आणि आजोबा आहेत.

काय झालं

दिवाळीला वजन ५८.५ किलो. दहा किलोंच्या फर्मानापुढं अडीच. सप्टेंबरमधल्या जिल्हा निवडीत तो राखीव राहिला. वडील खचले होते, कारण दहावीला मिळणारे क्रीडा गुण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. दिवाळीच्या आठवड्यात मास गेनरचा विषय घरात परत निघाला. तेव्हा उंचीची नोंद कामी आली: पाच महिन्यांत अडीच सेंटिमीटर. वेग आदल्या वर्षीपेक्षा उतरला होता, म्हणजे उंचीचं शिखर मागं पडलं होतं. वजनाचं वर्ष आता सुरू होणार, असं मी वडिलांना सांगितलं. त्यांनी मार्चपर्यंत थांबायचं कबूल केलं. हिमोग्लोबिन तोवर तेराच्या वर आलं होतं, त्याचाही उपयोग झाला.

बोर्डाची परीक्षा संपली तेव्हा ६२ किलो. अभ्यासामुळं दोन महिने खेळ जवळजवळ बंद होता, तरी वजनाचा सराव आठवड्यातून एकदा चालू ठेवला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत झोप भरपूर, क्लास नाहीत. जूनमध्ये ६५.५. उंची १८७. वर्षात साडेनऊ किलो, आणि यातलं बरंचसं मांड्या-खांद्यांवर दिसत होतं. आवाज फुटला होता, मिसरूड आलं होतं. आठ किलोची बैठक चोवीस किलोवर गेली होती. जूनमध्ये एकही न निघणारं पुलअप वर्षानं पाच निघत होतं. गुडघ्याचं टेंगूळ तसंच आहे, बहुधा राहील; दुखणं गेलं.

पुढच्या हंगामात ६८ किलोवर तो जिल्हा संघात आला आणि विभागीय स्पर्धा खेळला. राज्यासाठी निवड झाली नाही. निवड समितीतल्या एकानं सांगितलेलं कारण ऐकण्यासारखं होतं: पोस्टमध्ये (बास्केटजवळ) अजून रेटला जातो, आणि बाहेरून खेळायला ड्रिबल कच्चं आहे. म्हणजे ज्या जागेवर वर्ष घालवलं तिथं वजन पुरलं नाही, आणि ज्या जागेवर ते वजन चाललं असतं तिथं सामन्यांचा अनुभव नव्हता. या फेब्रुवारीत तो १८८ सेंटिमीटर, ७१ किलो आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात महाग पडला तो जागेचा निर्णय. वाढीच्या त्या वर्षभरात त्याला निदान मैत्रीपूर्ण सामन्यांत तरी बाहेर खेळवायला हवं होतं. वजन येणार होतंच, ते दिवाळीला की पुढच्या जूनला एवढाच प्रश्न होता. ड्रिबल आपोआप येत नाही.

वजनाचं लक्ष्य तारखेला बांधणं हा दुसरा मुद्दा. दहा किलो दिवाळीपर्यंत, या एका वाक्यानं घर पाच महिने काट्याभोवती फिरलं. मुलगा सरावाआधी आणि नंतर वजन करायचा, घामानं उतरलेल्या पाऊण किलोवर नाराज व्हायचा. महिन्यातून एकदा, सकाळी, अनवाणी, एवढं पुरे होतं.

एक गोष्ट या प्रकरणातून कळणार नाही, हेही मान्य करायला हवं. पळणं बंद, दूध सुरू, लोहाच्या गोळ्या, झोप, वजनाचा सराव हे सगळं दोन महिन्यांत एकदम बदललं, आणि त्याच वेळी शरीरातलं टेस्टोस्टेरॉन वाढत होतं. साडेनऊ किलोंत कुणाचा वाटा किती हे सांगता येत नाही. माझा अंदाज विचाराल तर पळणं थांबवणं आणि सरावानंतरचं दूध ही दोन सगळ्यात स्वस्त आणि बहुधा सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली पावलं. वजनाच्या सरावानं किलो किती आले ते माहीत नाही, पण आलेले किलो कामाचे झाले ते त्यामुळं.

सगळा भार आईवर पडला हेही लिहायला हवं. लाडू, डबा, बाटली, वही, आणि धाकट्या बहिणीचं वेगळं. आजोबांनी किटली उचलली नसती तर ही योजना श्रावणापर्यंतही टिकली नसती. खाण्याचा कागद देताना तो घरात कोण राबवणार हे पहिल्याच भेटीत विचारलेलं बरं.

आणि नोंदी. शाळेचं कार्ड सापडलं म्हणून आदल्या वर्षीची उंची कळली, नाहीतर सगळा अंदाजच होता. आता बारा वर्षांवरच्या सगळ्या मुलांची उंची, बसलेली उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी एका वहीत लिहितो. मुलींसाठी वेगळी पानं आहेत, कारण त्यांची उंचीची झेप दोनेक वर्षं आधी, बारा वर्षांच्या आसपास येते. त्या वयातल्या मुलींना घरी जास्त खा म्हणण्याऐवजी कमी खा म्हणतात. त्या पानांवर सध्या एक चौदा वर्षांची मुलगी आहे, सहा महिन्यांत वजन जागचं हललेलं नाही. तिच्या आईला उद्या भेटायला बोलावलंय.